खुर्चीतून उठण्याचा प्रश्न

माझी आत्या 79 वर्षांची असताना न्यूमोनियाने हॉस्पिटलात भरती झाली. गाडीतून उतरून आतपर्यंत ती स्वतःच्या पायांनी चालत गेली, फॉर्मवर सहीही तिनेच केली. अकरा दिवसांनी घरी आली ती व्हीलचेअरवरून. न्यूमोनिया बरा झाला होता, छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृती समाधानकारक’ असं लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमोडवर बसली आणि तिला उठताच येईना. दोघांनी दोन्ही बगलांत हात घालून तिला उभं केलं, तेव्हा ती कुणाकडे बघत नव्हती. त्या आठवड्यात भेटायला आलेला प्रत्येक जण जाताना दाराशी आवाज खाली आणून तेच म्हणाला, “वय झालं आता.”

तेव्हापासून या वाक्याचा मला राग आहे. वय झालं होतं ते अकरा दिवसांनीच. बाकीचं जे झालं ते त्या अकरा दिवसांत काय केलं आणि काय केलं नाही, यामुळे झालं. पडू नये म्हणून कॉटचे कठडे सतत वर. बाथरूमपर्यंत न्यायला माणूस नाही म्हणून लघवीची नळी. हाताला सलाईन, त्यामुळे हलायचं नाही. चष्मा ड्रॉवरमध्ये. आणि कानाचं मशीन आम्हीच घरी नेऊन ठेवलेलं, महागाचं आहे, हरवायला नको म्हणून. पाचव्या दिवशी ती तारीख चुकीची सांगायला लागली, तर डॉक्टरांनी विचारलं, “आधीपासून विसरतात का?” ज्या बाईला नीट दिसत नाही, ऐकू येत नाही आणि खिडकीबाहेर दिवस आहे की रात्र हे कळत नाही, तिला तारीख विचारायची आणि चुकली की मेंदूवर खापर फोडायचं!

1966 साली अमेरिकेत डॅलस इथे पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावलं होतं. विशीतली मुलं, आजार काहीही नाही. उठली तेव्हा त्यांची शारीरिक क्षमता, म्हणजे हृदय आणि स्नायू मिळून जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतात ते माप, धाडकन खाली आलं होतं. ही गोष्ट इथेच संपली असती, पण संशोधकांनी तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा गाठलं. आता ते पन्नाशीचे, पोटं सुटलेले, खुर्चीवर बसून कामं करणारे. मोजून पाहिलं तर तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी क्षमता नेली होती, त्याहून जास्त विशीतल्या त्या तीन आठवड्यांनी नेली होती. पुढे सहा महिने बेताचा नियमित व्यायाम करवला, तर तीस वर्षांत गेलेलं बहुतेक सगळं परत आलं. पाच माणसांच्या प्रयोगावर इमारत उभारायची नसते हे मान्य. पण नंतरच्या प्रयोगांनी दिशा तीच दाखवली. 2007 साली निरोगी ज्येष्ठांना फक्त दहा दिवस झोपवून ठेवलं, तर पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. आणि 2003 साली अमेरिकेतल्या सत्तरीपुढच्या दोन हजारांहून जास्त रुग्णांची नोंद पाहिली, तेव्हा दर तिघांतला एक जण हॉस्पिटलातून बाहेर पडताना आजारापूर्वी स्वतः करत असलेलं एखादं तरी रोजचं काम करू शकत नव्हता. अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, असली कामं. ज्या आजारासाठी भरती झाले तो बरा होऊनसुद्धा.

मला या लेखात म्हणायचं आहे ते एवढंच. म्हातारपणीची जी घसरण आपण वयाच्या नावावर मांडतो, तिच्यातला मोठा हिस्सा न वापरण्याचा आणि न बघण्याचा आहे. तो वेगळा दिसत नाही, कारण आपण तो मोजत नाही. आजार मोजतो, साखर मोजतो, बीपी मोजतो. माणूस खुर्चीतून हात न टेकता उठतो का, हे कुठल्याच कागदावर येत नाही.

आकड्यांकडे वळते, कारण सार्वजनिक चर्चा आकड्यांवर चालते आणि या विषयातला सगळ्यात प्रसिद्ध आकडा बहुतेक वेळा चुकीचा वाचला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2000 साली जगाचं सरासरी आयुर्मान 67 वर्षांच्या आसपास होतं, 2019 मध्ये ते 73 च्या वर गेलं. त्याच काळात ‘निरोगी आयुर्मान’ 58 वरून 63 च्या पुढे आलं. कोविडने दोन्ही आकडे खाली ओढले, 2021 मध्ये ते 71.4 आणि 61.9 झाले. म्हणजे आयुष्य वाढलं, निरोगी आयुष्यही वाढलं, पण दुसरं पहिल्याइतकं नाही. दोहोंमधली दरी मिटायच्या ऐवजी किंचित रुंदावली.

यावरून लगेच मथळा तयार होतो: ‘आयुष्यातली शेवटची दहा वर्षं आजारपणात’. तसं नाही. ही शेवटची सलग दहा वर्षं नव्हेत. डॅनियल सुलिव्हन या संशोधकाने 1971 मध्ये मांडलेली जुनी रीत सोपी आहे: प्रत्येक वयोगटात किती टक्के लोक धडपणे वावरू शकत नाहीत ते बघायचं आणि तेवढी वर्षं एकूण आयुर्मानातून वजा करायची. जागतिक आरोग्य संघटना आणखी पुढे जाऊन प्रत्येक त्रासाला वजन देते. गुडघेदुखीचं एक वर्ष थोडं वजा, पक्षाघाताचं वर्ष बरंच जास्त वजा. तेव्हा त्या दहा वर्षांत तिशीतली पाठदुखी आहे, चाळिशीतलं नैराश्य आहे, साठीतला मोतीबिंदू आहे आणि अखेरचं अंथरुणही आहे. सगळं एका पोत्यात भरून तोललेलं. देशाशी देशाची तुलना करायला हे ठीक. पण ‘आपल्या शेवटच्या वर्षांचं काय करायचं’ हा प्रश्न या पोत्यातून सुटत नाही. ज्या घसरणीबद्दल आपण बोलतोय, तिचं तोंडच त्यात दिसत नाही.

आयुष्य लांबलं की आजारपणाची वर्षं वाढतात की घटतात, याबद्दलचा जुना वाद असा होता. 1977 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अर्नेस्ट ग्रुएनबर्ग म्हणाले की वैद्यकशास्त्राचं यश हेच त्याचं अपयश ठरतंय. न्यूमोनियासारख्या आजारांतून माणसं वाचवायची आणि त्यांना स्मृतिभ्रंशात किंवा अपंगत्वात जास्त वर्षं काढायला लावायची. तीनच वर्षांनी, 1980 मध्ये, अमेरिकी डॉक्टर जेम्स फ्राइज यांनी उलट आशा मांडली: आजार सुरू होण्याचं वय मृत्यूच्या वयापेक्षा वेगाने पुढे ढकललं, तर आजारपणाचा काळ आक्रसून शेवटच्या थोड्या दिवसांत मावेल. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं लोक विचारत राहिले, यातलं कोण बरोबर? मला वाटतं प्रश्नच चुकला. दोघांनी मिळून एक नकाशा काढला होता आणि समाज त्यात कुठे उभा राहील ते समाजाने काय केलं यावर ठरायचं होतं. भाकीत म्हणून वाचलं तर दोघेही अर्धे चुकले.

याचा सगळ्यात चांगला दाखला स्मृतिभ्रंशाचा आहे. एकीकडे 2021 मध्ये जगात सुमारे 5 कोटी 70 लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत होते आणि दर वर्षी जवळजवळ एक कोटी नव्यांची भर पडते. हे आकडे भीती घालणारे आहेत. दुसरीकडे, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात 1948 पासून पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अभ्यासाने 2016 मध्ये दाखवलं की त्याच वयाच्या माणसाला स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण 1970 च्या दशकाच्या अखेरपासून दर दशकाला सरासरी 20 टक्क्यांनी कमी होत गेलं. रुग्ण वाढतायत कारण म्हातारी माणसं वाढतायत. एकेका म्हाताऱ्याचा धोका मात्र घटला. तोही कुठल्या औषधाने नव्हे, कारण तसं औषध तेव्हा नव्हतंच. पण त्या अभ्यासातली एक ओळ मला फार बोचते. ही घट फक्त शाळेचं शिक्षण पूर्ण केलेल्यांमध्ये दिसली. ज्यांचं राहिलं होतं, त्यांच्या वाट्याला ती आलीच नाही. साठ वर्षांपूर्वी कुणाची शाळा सुटली, याचा हिशेब ऐंशीव्या वर्षी मेंदू मांडतो.

हे कसं होतं, याची झलक अमेरिकेतल्या जोगिणींच्या अभ्यासात मिळते. 1986 मध्ये डेव्हिड स्नोडन यांनी तो सुरू केला. 678 वृद्ध ख्रिस्ती जोगिणी दर वर्षी चाचण्या द्यायला आणि मृत्यूनंतर मेंदू दान करायला तयार झाल्या. आयुष्यभर एकसारखं जेवण, एकसारखी दिनचर्या, दारू-सिगारेट नाही, त्यामुळे तुलना करायला याहून सोयीची माणसं मिळणं कठीण. मेंदू तपासले तेव्हा काही जणींमध्ये अल्झायमरच्या खुणा खच्चून भरलेल्या होत्या, आणि त्या जोगिणी शेवटपर्यंत चाचण्यांत उत्तम गुण मिळवत होत्या. काहींच्या बाबतीत उलट. मेंदूतली पडझड आणि माणसाची पडझड यांच्यामध्ये काहीतरी आडवं उभं असतं. शिक्षण, भाषा, माणसांत असणं, मेंदूच्या रक्तवाहिन्या शाबूत असणं, अशी बरीच मंडळी. गंगाजळी म्हणा हवं तर. ती आयुष्यभर भरत राहते, आणि उतारवयात तिच्यातून रोज थोडं काढलं जातं.

ब्रिटनमधल्या गिल लिव्हिंगस्टन यांच्या नेतृत्वाखालच्या आयोगाने 2024 मध्ये अशा 14 गोष्टी मोजल्या, ज्या बदलता येतात. कमी शिक्षण, बहिरेपण, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा, प्रदूषित हवा, उपचार न झालेली अधू दृष्टी वगैरे. या सगळ्या दूर झाल्या तर जगातला सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज. इथे सावध राहायला हवं. हे गणित लोकसंख्येचं आहे. तुम्ही सिगारेट सोडली आणि रोज चाललात म्हणून तुमचा धोका 45 टक्क्यांनी उतरला, असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. पण धोरण लोकसंख्येसाठीच ठरवायचं असतं, आणि धोरण ठरवणाऱ्यांना या यादीतली एकही गोष्ट चमकदार वाटत नाही. शाळा, हवा, कानाचं मशीन, चष्मा. उद्घाटनाला कुणी येणार नाही.

चमक कुठे आहे, तर औषधात. लेकॅनेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाला 2023 मध्ये अमेरिकेत पूर्ण मंजुरी मिळाली. दीड वर्षाच्या चाचणीत, 18 गुणांच्या मोजपट्टीवर, औषध घेणाऱ्यांची घसरण न घेणाऱ्यांपेक्षा 0.45 गुणांनी कमी होती. अर्धा गुणही नाही. मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून पुन्हापुन्हा एमआरआय काढावा लागतो. मी या औषधाची टिंगल करत नाही. एखाद्या रोगाची चाल जराशी का होईना मंदावली, हे इतक्या वर्षांच्या अपयशानंतर मोठंच आहे, आणि पुढची औषधं या पायरीवरूनच वर जातील. माझी तक्रार लक्ष कुठे जातं याबद्दल आहे. त्याच वर्षी, 2023 मध्येच, कानाच्या मशीनच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 70 ते 84 वयाचे 977 लोक, तीन वर्षं. सगळ्यांचा मिळून विचार केला तर मशीनने बुद्धीच्या घसरणीत फरक पडला नाही, हे आधी सांगायला हवं. पण ज्यांना मुळात धोका जास्त होता, म्हणजे जास्त वयाचे, कमी शिकलेले, मधुमेह-रक्तदाब असलेले, त्यांच्या गटात घसरण 48 टक्क्यांनी मंद झाली. एका गटातला निष्कर्ष हा पुरावा म्हणून थोडा लंगडाच असतो. तरी समजा मेंदूला काहीच फायदा झाला नाही, तर नुकसान काय? माणसाला ऐकू आलं, एवढंच.

कान हा विषय घराघरांत जसा घडतो तो पाहण्यासारखा असतो. चार जण जेवायला बसलेत, गप्पा चालल्यात. आजोबा एका वाक्यावर हसतात, ते चुकीच्या जागी. मग कुणीतरी मोठ्याने समजावतं. दुसऱ्यांदा असं होतं तेव्हा समजावणाऱ्याच्या आवाजात वैताग असतो. तिसऱ्यांदा आजोबा हसतच नाहीत. सहा महिन्यांनी ते जेवण उरकून आधीच उठतात, आणि घरचे म्हणतात, हल्ली त्यांचं कशात लक्ष नसतं. बुद्धी कमी झाली की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही. तिला मिळणारा खुराक मात्र बंद झालेला आहे.

शरीराचं गणित तर याहून सरळ आहे, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करायला सबबही कमी. वयाबरोबर स्नायू झिजतात, याला सार्कोपेनिया हे नाव 1980 च्या दशकाच्या अखेरीस मिळालं. झीज होणारच. पण किती, याला तळ नाही, आणि उलट दिशेने जायला वयाची वरची मर्यादाही नाही. 1990 मध्ये मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा अशक्त माणसांना वजनं उचलायला लावली. सरासरी वय 90. आठ आठवडे. नऊ जणांनी कार्यक्रम पुरा केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, एका पावलाला दुसरं पाऊल टेकवत सरळ रेषेत चालण्याचा वेग जवळजवळ दीडपट झाला. नव्वदीत! हे वाचलं तेव्हा मी आकडा चुकीचा छापलाय की काय म्हणून पुन्हा तपासला. पुढे 2014 मध्ये मोठ्या प्रमाणावर हेच पाहिलं गेलं: 70 ते 89 वयाचे 1,635 लोक, अर्ध्यांना आरोग्यावरची व्याख्यानं, अर्ध्यांना चालणं, ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम. निकष एकच, 400 मीटर अंतर स्वतः चालता येतं का. सरासरी 2.6 वर्षांत व्यायामाच्या गटात ही क्षमता गमावण्याचं प्रमाण 18 टक्क्यांनी कमी होतं. अठरा टक्के म्हणजे जादू नव्हे. पण व्याख्यानं ऐकणाऱ्यांशी ही तुलना आहे, हे विसरू नका. आपण म्हाताऱ्यांसाठी जे काही करतो त्यातलं बरंचसं व्याख्यानच असतं.

इथे मला स्वतःच्या बाजूच्या लोकांशी भांडायचं आहे. ‘हलते राहा, शिकत राहा, माणसांत राहा’ हे सांगणारे आम्ही लोक फार लवकर उपदेशावर उतरतो. आणि उपदेशाची पुढची पायरी दोषारोप असते. बाईंना स्मृतिभ्रंश झाला? वाचत नसतील. आजोबा पडले? चालत नसतील. स्मृतिभ्रंश झालेल्यांत प्राध्यापक असतात, कसरतपटू असतात, कोडी सोडवत आयुष्य काढलेले लोक असतात. धोका कमी होतो म्हणजे संपत नाही. शिवाय ज्या माणसाने चाळीस वर्षं डोक्यावरून ओझी वाहिली, उभ्याने यंत्रं चालवली, वाकून लावणी केली, त्याला ‘व्यायाम करा’ हे सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. त्याचं शरीर न वापरल्याने गेलेलं नाही, दुसऱ्यासाठी वापरून गेलेलं आहे. इंग्लंडमध्ये सर्वांत गरीब आणि सर्वांत सधन भागांतल्या लोकांच्या निरोगी आयुर्मानात 18 वर्षांहून जास्त अंतर आहे. एकूण आयुर्मानातलं अंतर याच्या निम्म्याच्या आसपास. गरीब माणूस आधी मरतो, आणि मरण्याच्या किती तरी आधी थकतो.

आणि नेमक्या अशाच सधन देशांत निवृत्तीचं वय वर सरकतंय. डेन्मार्क, इटली, नेदरलँड्स, फिनलंड यांनी पेन्शनचं वय सरासरी आयुर्मानाला कायद्याने जोडलंय. युक्तिवाद वरवर बिनतोड आहे: जास्त जगता, तर जास्त काम करा. पण जोडलंय ते आयुर्मानाशी, निरोगी आयुर्मानाशी नाही, आणि सरासरीशी, त्या माणसाशी नाही. सधन माणसाच्या वाढलेल्या वर्षांचं बिल ओझी वाहणाऱ्याच्या गुडघ्यांवर फाडलं जातं. मला यावर सोपं उत्तर सुचत नाही. तिजोरीला खड्डा पडतो हे खरंच आहे. पण निदान कुठल्या आकड्याशी काय जोडतोय, एवढं तरी उघडपणे बोललं जावं.

काळजीच्या व्यवस्थेतही असाच एक पेच आहे, आणि तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. जर्मनीने 1995 मध्ये आणि जपानने 2000 मध्ये दीर्घकालीन काळजीचा सक्तीचा विमा सुरू केला. दोन्ही योजना मोठ्या धोरणी आहेत, त्यांच्याशिवाय लाखो घरं मोडली असती. रचना अशी की माणूस जेवढा जास्त परावलंबी, तेवढी जास्त रक्कम. न्याय्य आहे. पण मग एखाद्या संस्थेने खपून एखाद्या आजींना पुन्हा चालतं केलं, तर तिचं उत्पन्न कमी होतं. चांगल्या कामाचा दंड. जपानने 2006 पासून प्रतिबंधक सेवांचा वेगळा भाग जोडला तो काही अंशी यामुळेच. घरी ठेवलेल्या केअरटेकरच्या बाबतीतही हेच लहान प्रमाणात घडतं. शर्टाची बटणं आजोबांनी स्वतः लावायची तर दहा मिनिटं जातात. तिने लावली तर अर्धं मिनिट. घरचे आले तेव्हा आजोबा आवरून बसलेले दिसले पाहिजेत, तिची परीक्षा त्यावर होते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही तिला आवरलेले आजोबा दाखवण्याचे पैसे देतो, बटणं लावू शकणारे आजोबा टिकवण्याचे नाही.

मदत करण्याची घाई ही मायेतून येते, म्हणून ती ओळखू येत नाही. हात पुढे करणं सोपं असतं. हात मागे ठेवून शेजारी उभं राहणं, माणूस धडपडत असताना, आणि पडणार नाही एवढंच बघणं, हे अंगावर येतं. बघणाऱ्याला आपण निष्ठुर वाटतो. स्वतःलाही वाटतो.

मग मागायचं काय? मोठं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये वृद्धांच्या क्षमता तपासण्याची एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. स्मरण, चालणं-उठणं, आहार आणि वजन, नजर, कान, मन या सहा गोष्टी. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने विचारायचे. छातीवर हात बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगायचं, 14 सेकंदांत जमतं का बघायचं. कुजबुजून बोललेलं ऐकू येतं का. यात यंत्र नाही, रक्त काढणं नाही, थोडं प्रशिक्षण दिलेली आरोग्यसेविका हे सगळं करू शकते. चालण्याचा वेग तर इतका बोलका आहे की 34,485 ज्येष्ठांच्या एकत्रित विश्लेषणात, 2011 साली, वय आणि लिंग यांच्या जोडीला नुसता तो घेतला तरी पुढच्या आयुष्याचा अंदाज आजारांची लांबलचक यादी घेऊन काढलेल्या अंदाजाइतकाच अचूक आला. तरीही तपासणीला गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी चार मीटर चालायला सांगत नाही. दंडाला पट्टा गुंडाळतात.

एकदा मोजायला लागलं की घसरण टप्प्याटप्प्याने दिसते. आज सात वेळा उठते ती आत्या पुढच्या महिन्यात पाच वेळा उठली, तर काहीतरी चुकतंय हे ती पडायच्या आधी कळतं. आणि दुसरं, हॉस्पिटलांनी प्रत्येक वृद्ध रुग्णाच्या कागदावर दोन ओळी लिहाव्यात: आला तेव्हा काय काय स्वतः करत होता, गेला तेव्हा काय काय स्वतः करत होता. शस्त्रक्रियेत किती दगावले हे विचारतो, तसंच चालत आलेले किती जण झोपून गेले हेही विचारता यायला हवं. यासाठी 1963 पासून अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ यांची सहा कामांची यादी उपलब्ध आहे: अंघोळ, कपडे, संडास, उठबस, मलमूत्रावरचा ताबा, हाताने जेवणं. कॅट्झ यांच्या लक्षात आलं होतं की माणूस बरा होताना ही कामं साधारण लहान मूल शिकतं त्या क्रमाने परत मिळवतो. जेवणं आधी, अंघोळ शेवटी.

शब्दांचंही काही वजन असतंच. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘म्हातारपण’ हेच एक निदान म्हणून घालायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी आणि ज्येष्ठांच्या संघटनांनी आरडाओरडा केला, तेव्हा 2022 मध्ये ती लागू होण्यापूर्वी तिथे वयाशी निगडित क्षमतांची घट अशा अर्थाचा शब्द आला. कुणाला ही शब्दांची कसरत वाटेल. मला नाही वाटत. ‘म्हातारपण’ असं निदान लिहिलं की पुढे उपचार सुचत नाही. ‘क्षमता कमी झाली’ असं लिहिलं की कुठली, किती आणि परत येईल का, हे तीन प्रश्न आपोआप उभे राहतात.

हे सगळं केलं तरी शेवटी कुणाच्या तरी हातात जायची वेळ बहुतेकांवर येईल. फ्राइज यांचा तो आक्रसलेला शेवट प्रत्येकाच्या नशिबी नाही. म्हणून निरोगी वर्षांचा जप करताना परावलंबी वर्षांना कमी लेखण्याची जी सवय लागते, तिचीही मला भीती वाटते. ज्याला कपडे घालून द्यावे लागतात त्याचं वर्ष तक्त्यात निम्मं धरतात, ते तुलनेच्या सोयीसाठी. ते वर्ष जगणारा माणूस निम्मा नसतो.

आत्याचं सांगायचं राहिलं. घरी आल्यावर एक फिजिओ आठवड्यातून दोनदा यायचा. बाकीचे दिवस आम्ही पाळीपाळीने तिच्या समोर खुर्ची घेऊन बसायचो आणि ती उठायची. पहिले दोन आठवडे तिने आम्हाला मनसोक्त शिव्या घातल्या. तिसऱ्या आठवड्यात मी सवयीने हात पुढे केला, तर म्हणाली, “अगं थांब, माझा आकडा चुकवू नकोस.” तीन महिन्यांनी ती घरात काठीशिवाय फिरत होती. जिना मात्र परत आला नाही. तो त्या अकरा दिवसांत गेला तो गेलाच.

दीड वर्षाने तिला पुन्हा भरती करावं लागलं, वेगळ्या कारणासाठी, दुसऱ्या हॉस्पिटलात. या वेळी चष्मा आणि कानाचं मशीन उशाशी ठेवलं. नळी कशासाठी हवी आणि कधी काढणार, हे दर सकाळी विचारलं. दिवसातून तीनदा तिला खुर्चीत बसवून जेवायला लावायचं आणि वॉर्डच्या टोकापर्यंत चालवायचं, असं ठरवलं. सिस्टरना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, थकलेल्या होत्या. म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं. पण अठ्ठावीस पेशंट आहेत आणि आम्ही दोघी. चालवायला माणसं कुठून आणू?”

आम्ही चौघं होतो, आमच्या नोकऱ्या अशा होत्या की रजा मिळाली. आत्या आठव्या दिवशी चालत बाहेर आली. शेजारच्या कॉटवर तिच्याच वयाचे एक आजोबा होते, आमच्या एक दिवस आधी स्वतः चालत आलेले. त्यांचा मुलगा रात्री नऊनंतर यायचा, कामावरून सुटून. आम्ही निघालो तेव्हा त्यांच्या कॉटचे कठडे वर होते.